सर्टिफिकेट आधी की एमबीए? वाचकांचे प्रश्न

गणपतीत आलेला चुलतभाऊ सांगतो, "एमबीए केल्याशिवाय काही खरं नाही." स्टँडसमोरचा क्लासवाला म्हणतो, "तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घ्या, नोकरी ठेवलेलीच." या दोघांच्या मध्ये अडकलेल्यांची बरीच पत्रं या वेळी आली. त्यांतली सहा निवडली आहेत. नावं गाळली आहेत आणि मजकूर थोडा आवरला आहे.

प्रश्न : बीएस्सी आयटी झालोय, वय २३. रत्नागिरीत एका इंटरनेट पुरवणाऱ्याकडे दोन वर्षं आहे. फायबर जोडणं, राउटर बसवणं, तक्रारी बघणं हे काम. पगार १४ हजार. सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) करू की सीईटी देऊन एमएमएसला (एमबीएसारख्याच पदवीला) जाऊ? (वाचक, रत्नागिरी)

सीसीएनए करा. एमएमएसचा विचार तीन-चार वर्षांनी करा.

तुमच्या हातात आज जे काम आहे त्याच्या वरची पायरी सीसीएनएच्या अभ्यासक्रमात आहे. राउटर बसवणाऱ्याला नेटवर्क आखता आलं की कामाचं नाव बदलतं आणि पगारही. एमएमएसच्या मुलाखतीत मात्र "दोन वर्षांत काय सांभाळलंत?" हा प्रश्न येणार. "कनेक्शनं जोडली" या उत्तरावर चांगली संस्था फारशी खूश होत नाही. "चाळीस हॉटेलांचं नेटवर्क आखून दिलं, अमुक इतक्या तक्रारी कमी झाल्या" असं सांगता आलं तर गोष्ट वेगळी.

अभ्यासाला काय लागतं ते एका उदाहरणावरून बघा. गणपतीपुळ्यात ३० खोल्यांचं हॉटेल आहे. ऑफिस, पाहुण्यांचं वायफाय आणि सीसीटीव्ही असे तीन भाग वेगळे ठेवायचेत. १९२.१६८.१०.० हे /२४ चं, म्हणजे २५६ पत्त्यांचं नेटवर्क घेतलं (प्रत्येक फोनला, कॅमेऱ्याला एक पत्ता लागतो) आणि /२६ चे चार तुकडे केले, तर प्रत्येकात ६४ पत्ते येतात. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम निरोप धाडायचा), म्हणजे वापरायला ६२. त्यातला एक गेटवेला, म्हणजे तुकड्यातून बाहेर पडायच्या दाराला गेला की उरले ६१. कागदावर छान दिसतं. मे महिन्यात हॉटेल भरलं की ३० खोल्यांत साठ माणसं, साठाहून जास्त फोन, वर एखादा टॅब. पत्ते संपतात आणि तक्रार येते, "वायफाय जोडलंय, पण चालत नाही." त्यात डीएचसीपीची, म्हणजे आपोआप वाटलेल्या पत्त्याची मुदत २४ तासांची ठेवलेली असली, तर सकाळी खोली सोडून गेलेल्या पाहुण्याचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतो. उपाय असा: पाहुण्यांना /२५ द्या, म्हणजे ० ते १२७, वापरायला १२६ पत्ते. ऑफिसला १२८ ते १९१, कॅमेऱ्यांना १९२ ते २५५. पाहुण्यांची मुदत दोन तासांवर आणा.

आता दुसरी नेहमीची चूक. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (चित्रण साठवणाऱ्या यंत्राला) १९२.१६८.१०.२०० हा पत्ता दिला आणि गेटवे सवयीनं शेवटी १ असलेला टाकला. तो गेटवे पाहुण्यांच्या तुकड्यात बसतो, डीव्हीआरच्या नाही, त्यामुळे मालकाला मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत. या तुकड्याचा गेटवे १९३ हवा. हे गणित बोटांवर, अर्ध्या मिनिटात यायला हवं. सीसीएनएत नापास होणारे पुष्कळ जण इथेच वेळ घालवतात.

परीक्षेचं सांगायचं तर क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर अधिक कर. त्या दिवशीच्या डॉलरच्या भावाप्रमाणे तीस हजारांच्या आसपास पडतील. पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. नापास झालात तर पाच दिवस थांबावं लागतं आणि फी पुन्हा पूर्ण भरायची. सर्टिफिकेट तीन वर्षं टिकतं. आधी एखादी पदवी किंवा परीक्षा हवी अशी अट नाही. सरावासाठी जुने स्विच विकत घेऊ नका. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. नोकरी सांभाळून रोज दीड तास धरला तर सहा महिने लागतात. पैकी निम्मा वेळ हात चालवण्यात जायला हवा.

दोन गोष्टी सांभाळा. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण कोकणातल्या पावसाळ्यात वीज गेली की परीक्षा गेली. मुंबई-पुण्याचं केंद्र घ्या. कोकणकन्येनं रात्री निघून त्याच सकाळचा स्लॉट मात्र घेऊ नका, गाडी कधी पोचेल त्याचा भरवसा नसतो. दुसरं, नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी जुळायला हवं. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, तिसऱ्यावर ते गाळलेलं. नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि पैसेही जातात.

आणि डम्प्स, म्हणजे चोरलेल्या प्रश्नांच्या फाइली, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. नाही पकडलं तरी मुलाखतीत वरचं हॉटेलचं गणित घातलं की पाच मिनिटांत उघडं पडतं.

प्रश्न : मी मालवणला शिकते, शेवटचं वर्ष. माझ्याकडे १४ ऑनलाइन सर्टिफिकेटं आहेत, सगळी फुकट मिळवलेली. तरी मुलाखतीला बोलावणं येत नाही. (विद्यार्थिनी)

ती बहुधा "कोर्स पूर्ण केला" अशी प्रमाणपत्रं असणार. व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की मिळणारी. शिकायला चांगली, पण निवड करणारा ती मोजत नाही. जिथे ओळखपत्र तपासून, देखरेखीखाली परीक्षा होते आणि नापास होण्याची शक्यता असते, ते सर्टिफिकेशन वेगळं. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा: ६५ प्रश्न, १३० मिनिटं, १००० पैकी ७२० गुण लागतात, फी १५० डॉलर अधिक कर, मुदत तीन वर्षं.

चौदा कागद बाजूला ठेवा आणि एक काम करून दाखवा. एखाद्या होमस्टेचं बुकिंगचं पान क्लाउडवर चढवा, डेटाबेस वेगळा ठेवा, बॅकअप घ्या आणि तो परत आणून बघा. सुरुवात करण्याआधी खात्यात खर्चाची सूचना लावा. शिकणाऱ्यांचे पैसे जातात ते बहुतेक नॅट गेटवे (सर्व्हरला इंटरनेटशी जोडणारी, वेगळे पैसे लागणारी सोय) चालू राहिल्यामुळे. सर्व्हर बंद केला म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि नॅट गेटवे तासावर पैसे मोजत राहतो.

प्रश्न : माझी मुलगी बीकॉम होईल. सीईटीला ७८ पर्सेंटाइल आले. पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला की व्यवस्थापन कोट्यातून सीट आहे, दोन वर्षांचे ७ लाख, लॅपटॉप फुकट, डेटा अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेटही देऊ. दोन दिवसांत २५ हजार भरा म्हणतात. काय करावं? (पालक, संगमेश्वर)

ताई, दोन दिवसांत काहीही भरू नका. पैसे भरायची घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.

पहिलं विचारा की हा कोर्स एमएमएस/एमबीए आहे की पीजीडीएम. एमबीए ही विद्यापीठाची पदवी. पीजीडीएम ही संस्थेची पदविका. पीजीडीएम वाईटच असतं असं नाही, पण एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता त्या वर्षासाठी, त्या कोर्ससाठी आहे का हे एआयसीटीईच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. माहितीपत्रकातल्या शिक्क्यावर जाऊ नका.

दुसरं, तुमच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅप फेरीतून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून घेतलेला प्रवेश आणि कोट्यातला प्रवेश यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकारनं २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलंय. खुल्या प्रवर्गात राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. दोन्हीचा अर्ज महाडीबीटीवर. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की दोन्ही गेले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि लागू असेल तर नॉन क्रीमी लेयर हे कागद सेतूत आजच टाका. कॅप फेरी सुरू झाल्यावर तिथे रांग लागते आणि दाखल्यावाचून सीट हातची जाते.

आता ७ लाखांचा हिशोब. साडेसात लाखांपर्यंत बँक सहसा तारण मागत नाही, पण पालकाला सहकर्जदार करते, म्हणजे सही तुमची. ११ टक्के व्याज, परतफेड सात वर्षं धरली तर हप्ता सुमारे १२ हजार. हे झालं शिकत असतानाचं व्याज तुम्ही दरमहा भरत गेलात तर. नाही भरलंत, आणि अर्धे पैसे पहिल्या वर्षी, अर्धे दुसऱ्या वर्षी उचलले, तर दोन वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं मिळून साधं व्याजच १ लाख ९० हजारांवर जातं. मग हप्ता १५ हजारांच्या पुढे. पुण्यात पहिल्या नोकरीत खोली, मेस, बस वजा जाता हातात काय उरेल ते लेकीला बरोबर बसवून कागदावर मांडा.

संस्थेला फोन करून "सर्वात जास्त पॅकेज किती?" विचारू नका. तो आकडा एका मुलाचा असतो. असं विचारा: मागच्या तुकडीत किती मुलं होती, त्यांतल्या किती जणांना कॅम्पसमधून नोकरी लागली, आणि पगाराप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधल्या मुलाचा पगार किती? कामं कसली होती, तेही विचारा. "बिझनेस डेव्हलपमेंट" या नावाखाली दारोदार विमा विकणं पुष्कळदा असतं. उत्तर लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर काय ते समजा.

आणि भरायचेच झाले तरी हे ध्यानात ठेवा: एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रवेश रद्द केला तर १ हजार रुपयांहून जास्त कापता येत नाहीत आणि मूळ गुणपत्रिका, दाखले संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. मूळ कागद हातातून सोडूच नका.

आमचं मत विचाराल तर मुलीला एक वर्ष चिपळूण किंवा रत्नागिरीत सीएच्या ऑफिसात बसवा. जीएसटीआर-१, ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरणं, खरेदीची वही २बीशी (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीशी) ताडून बघणं, न जुळणारी बिलं काढणं. हेच काम एक्सेलमध्ये करता करता मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख करणारं सॉफ्टवेअर) शिकली की त्याची पीएल-३०० ही परीक्षा द्यायची. तिचं नूतनीकरण दरवर्षी ऑनलाइन, फुकट होतं. डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात ते तिथूनच सुरू होतं. सीईटी पुन्हा द्यायची. आजवरच्या पद्धतीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. ७८ चे ९५ झाले तर सरकारी शुल्कसवलतीसह बऱ्या संस्था टप्प्यात येतात. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्यांना नव्व्याण्णवच्याही वर लागतात, तो वेगळा खेळ.

प्रश्न : बीएस्सी केमिस्ट्री, लोटे एमआयडीसीत एका कारखान्यात उत्पादन विभागात ६ वर्षं. आता शिफ्ट इनचार्ज. पुढे बढती अडलीय. नेबॉश (सुरक्षेचं ब्रिटिश सर्टिफिकेट) करू, सिक्स सिग्मा (उत्पादनातल्या चुका, तूट कमी करायची पद्धत) करू की दूरस्थ एमबीए? (वाचक, खेड)

तीन वेगवेगळ्या दारांच्या तीन किल्ल्या आहेत. कुठल्या दारातून जायचंय ते आधी ठरवा.

सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर नुसत्या नेबॉशवर भारतातल्या कारखान्यात त्या पदावर नेमणूक होत नाही. औद्योगिक सुरक्षेची शासनमान्य पदविका लागते. आपल्याकडे एमएसबीटीईची (राज्य तंत्रशिक्षण मंडळाची) अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी ती जागा भरते, मुदत एक वर्ष. केमिस्ट्रीची पदवी आणि कारखान्यात देखरेखीचा अनुभव हे दोन्ही तिथे मोजतात, आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत. अनुभवपत्रावर "केमिस्ट" एवढंच लिहून घेऊ नका. "देखरेख", कामगारांची संख्या, कालावधी हे शब्द असू द्या, नाहीतर नंतर अडतं. नेबॉशचं सर्टिफिकेट आखातात जायचं असेल तर उपयोगी पडतं. इथे ते जोडीला चालतं.

उत्पादनातच वर जायचं असेल तर सिक्स सिग्माची ग्रीन बेल्ट ही पायरी घ्या, पण दोन दिवसांच्या वर्गात मिळणारा पट्टा गळ्यात घालून काही होत नाही. स्वतःच्या प्लँटमधलं एक काम निवडा. समजा एका बॅचला १००० लिटर टोल्युइन (द्रावक) लागतं आणि ८८ टक्के परत मिळतं. उरलेलं जातं कुठे? सेंट्रिफ्यूजच्या ओल्या केकमध्ये किती, कंडेन्सरमधून वाफ सुटून किती, ड्रायरमध्ये किती? तीस बॅचेस मोजा, शिफ्टवार लिहा, थंड पाण्याचं तापमान सोबत नोंदवा. दुपारच्या पाळीत, उन्हाळ्यात तूट वाढत असेल तर बोट कंडेन्सरकडे जातं. ८८ चे ९२ झाले तर बॅचमागे ४० लिटर वाचतं. महिन्याच्या बॅचेस आणि लिटरचा भाव यांनी गुणून तो आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवा. बढतीच्या बैठकीत सर्टिफिकेटपेक्षा हा कागद जास्त बोलतो.

दूरस्थ एमबीए तेव्हाच, जेव्हा तुमच्या कंपनीच्या नियमात मॅनेजर पदाला "पदव्युत्तर" असं लिहिलेलं असेल. एचआरला सरळ विचारा. असेल तर इग्नू किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा, आणि दुसरं कुठलंही घेण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची मान्यता तपासा. त्यातून नवी नोकरी लागेल ही आशा धरू नका. रात्रपाळी करून असाइनमेंट लिहिणं किती जमतं, तेही मनाशी खरं खरं ठरवा.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची ३०० हापूसची कलमं. मुलगा बीबीए झालाय, बागच सांभाळायची म्हणतो. एक्स्पोर्टचा ६० हजारांचा कोर्स लावू की अ‍ॅग्रीबिझनेसमधलं एमबीए? (बागायतदार)

दोन्ही नको. मुलगा घरी थांबतोय हेच मोठं आहे, ते ६० हजार बागेत घाला.

निर्यात करायला कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही. लागतो तो आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. हे नेमके आंब्याचे दिवस, कुणाला आठवण राहत नाही आणि कोड निष्क्रिय होतो. त्याच्या जोडीला अपेडाची (शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी आणि अन्न परवाना. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालून घ्या.

शिकायचं आहे ते पॅकहाऊसमध्ये, म्हणजे आंबा निवडून, प्रक्रिया करून पेट्या भरतात तिथे. मार्च ते मे एक हंगाम त्याला निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसवर कामाला ठेवा, पगार कमी मिळाला तरी चालेल. युरोपला जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात ६० मिनिटं ठेवतात, अमेरिकेला जाणाऱ्यावर विकिरण करतात. हे सगळं किडींसाठी, मुख्यतः फळमाशीसाठी. तिच्यामुळेच २०१४ मध्ये युरोपनं आपला आंबा बंद केला होता, २०१५ मध्ये परत उघडला. बाग मँगोनेट या निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत नोंदलेली हवी आणि फवारणीची वही हवी: तारीख, औषध, प्रमाण, काढणीपर्यंत किती दिवस गेले. माल नाकारला जातो तो बहुतेक औषधाचा अंश जास्त सापडल्यानं, आणि तेव्हा वही नसेल तर कुठल्या फवारणीचा तो अंश हे कळतच नाही.

पैशांचं एकच सांगतो. पहिली खेप उधारीवर देऊ नका. आगाऊ घ्या, नाहीतर बँकेचं पतपत्र (माल पाठवल्याचे कागद दिले की बँक पैसे देते, अशी हमी) घ्या. आंबा तिकडे पोचल्यावर "पिकला, डागाळला" म्हणून भाव पाडतात आणि इथून तुम्ही काही करू शकत नाही.

एमबीए म्हणाल तर अहमदाबादच्या आयआयएममध्ये आणि हैदराबादच्या मॅनेजमध्ये शेती-व्यवसायाचे चांगले कोर्स आहेत. मात्र तिथून मुलं बियाणं-खतांच्या आणि अन्नप्रक्रियेच्या कंपन्यांत जातात. देवगडला परत येत नाहीत.

प्रश्न : सिव्हिल डिप्लोमा, महामार्गाच्या चौपदरीकरणावर साइट सुपरवायझर, ४ वर्षं. पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट) करू का? (वाचक, लांजा)

आत्ता नाही. पीएमपीला चार वर्षांची पदवी असलेल्यांकडूनही प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण मागतात. डिप्लोमावाल्यांना अट याहून मोठी. सुपरवायझरचं सगळंच काम "प्रकल्प चालवणं" म्हणून धरलं जात नाही, आणि अर्ज तपासणीला निघाला तर प्रत्येक कामासाठी वरिष्ठाची सही लागते. तेव्हा आतापासून डायरी ठेवा: कुठलं काम, किती दिवस, तुमच्या हाताखाली किती माणसं, कोणता निर्णय तुम्ही घेतलात, साहेब कोण होते आणि त्यांचा ईमेल. ठेकेदार बदलला की साहेब सापडत नाहीत. दरम्यान प्रायमावेरा (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) शिका आणि मोजमाप पुस्तिका स्वतः भरायला मागा. आणि बी.ई.ला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळतोय का, ते याच वर्षी बघा.